प्रयोगशाळेतला पंखा आणि निफाडची कांदा चाळ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळला आहे का ते तुम्हाला पाहता येईल. तुम्ही कृषी अभियांत्रिकीत पीएचडी केलीत. कांद्याच्या ढिगातली आर्द्रता मोजून पंखा आपोआप सुरू-बंद करणारी यंत्रणा बनवलीत. विद्यापीठातल्या चाचणीत चार महिन्यांनंतरचं नुकसान जवळजवळ निम्म्यावर आलं. दोन शोधनिबंध छापून आले. मग नाशिकच्या सात-आठ कारखानदारांना मेल केले, त्यातल्या एकाचंच उत्तर आलं, "नंतर बोलू." शेतकरी मेळाव्यात सगळे "छान आहे" म्हणाले, पण घेतलं कोणीच नाही. आणि तुम्ही विचारताय, संशोधन प्रत्यक्षात उतरवण्यातले हे अडथळे दूर कसे करायचे आणि उद्योगांना पटवायचं कसं?

शेवटचा भाग चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी २२ वर्षं काढणीनंतर लागणाऱ्या यंत्रांच्या कामात आहे. पहिली आठ वर्षं अंबडच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात काढली. तेव्हापासून संस्थांमध्ये तयार झालेली यंत्रं बनवणाऱ्यापर्यंत आणि वापरणाऱ्यापर्यंत नेण्याचं काम करते. एवढ्या वर्षांत एखादी गोष्ट केवळ पटली नाही म्हणून अडली, असं क्वचितच पाहिलं. घोडं अडतं ते दुसरीकडे. 'मी समोर असताना चालतं' इथपासून 'मी गावात नसताना, दुसऱ्याच्या चाळीत (म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये), अख्खा पावसाळा चालतं' इथपर्यंत पोचायला दोन-तीन हंगाम लागतात, आणि ते काम नेमून दिलेलं असं कोणीच नसतं. विद्यापीठात बढती निबंधांवर ठरते. कारखानदाराला तयार ड्रॉइंग आणि ऑर्डर हवी असते. मधलं काम बेवारस राहतं. तंत्रज्ञान किती तयार आहे हे सांगणारी एक ते नऊ पायऱ्यांची जी मोजपट्टी सगळीकडे वापरतात, तिच्यावर तुम्ही चौथ्या पायरीच्या आसपास आहात, म्हणजे प्रयोगशाळेत चालतं तिथे, आणि कारखानदार सातव्या-आठव्या पायरीवर उभा आहे, म्हणजे प्रत्यक्ष वापरात चालून दाखवलेलं तिथे. त्याला मेल पाठवून हे अंतर कमी होणार नाही. ते काम कोण करणार हे आधी ठरवावं लागेल, आणि तूर्त तरी ते तुम्हालाच करावं लागेल असं दिसतं.

हे मी नुकसान पाहून शिकले. २००९ साली आम्ही निफाड तालुक्यात चार चाळींना जवळजवळ तुमच्यासारखीच यंत्रणा बसवली होती. एका संस्थेत तिची दोन वर्षं चाचणी झाली होती आणि आकडे उत्तम होते. कांदा उन्हाळी, एप्रिलअखेर भरलेला. मे-जून सुरळीत गेले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका शेतकऱ्याचा फोन आला, "मॅडम, एकदा येऊन जा." गेले, तर चाळीच्या दाराशीच वास आला. ज्या बाजूला पंखा होता त्याच बाजूचा कांदा ओलसर लागत होता. बांबूच्या फटीतून हात घालून एक कांदा ओढला, तर बोटांना काजळीची, म्हणजे बुरशीची, काळी भुकटी लागली आणि मानेपाशी दाबल्यावर पाणी आलं. बांधापलीकडे भावकीची चाळ होती, काहीही न बसवलेली. तिथला कांदा याहून बरा होता. तो शेतकरी एक शब्द चढ्या आवाजात बोलला नाही. घरातली माणसं आणि चार मजूर बायका घेऊन तो चाळ फोडायला बसला होता, सडका एकीकडे, बरा दुसरीकडे. मीही संध्याकाळपर्यंत त्यांच्यात बसून निवडत होते.

नंतर कारणं शोधली, तेव्हा एकही कारण 'शेतकऱ्यांना तंत्रज्ञान कळत नाही' या सदरात बसणारं नव्हतं. सगळ्यात मोठी चूक नियंत्रणाची होती. यंत्रणा फक्त ढिगातली आर्द्रता बघायची. ती वाढली की पंखा सुरू. पण ऑगस्टच्या रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. म्हणजे आम्ही रात्रभर कांद्यावर दमट हवा सोडत होतो. संस्थेतली चाचणी बंद खोलीत झाली होती, तिथे बाहेरच्या पावसाचा संबंधच नव्हता. दुसरं, चाचणीतला कांदा निवडलेला, एकसारखा आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलेला होता. चाळीत मोठा, मध्यम, गोल्टी (अगदी बारीक कांदा), माती, सुटलेली टरफलं सगळं एकत्र असतं. बारीक माल आणि टरफल खाली जाऊन फटी बुजवतात. हवा मग सोपी वाट शोधते, ढिगाच्या एका कोपऱ्यातून भसाभस निघून जाते आणि मधला भाग कोरडा होतच नाही. तिसरं, सेन्सरभोवती टरफलाचा पातळ पापुद्रा चिकटला होता. तो स्वतःच्याच ओलीचा आकडा दाखवत होता.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी घरबसल्या करता येईल असा आहे. तुमच्या निबंधातला 'साहित्य आणि पद्धती' हा भाग उघडा. जिथे जिथे 'निवडलेला', 'स्थिर ठेवलेले', 'नियंत्रित', 'एकसमान' असे शब्द आहेत, तिथे लाल पेनने रेघ मारा. प्रयोग करताना ती गोष्ट स्थिर ठेवणं बरोबरच होतं, नाहीतर निष्कर्ष काढता आला नसता. पण चाळीत तिची काळजी घ्यायला कोणी नाही. त्या लाल रेघा म्हणजे तुमची पुढच्या दोन वर्षांच्या कामाची यादी. कारखानदार तुमचं ऐकतो की नाही, हे त्या यादीतल्या किती गोष्टी निकालात निघाल्या यावर बरंच अवलंबून राहील.

आमच्या बाबतीत दुरुस्ती फार साधी निघाली. ढिगाच्या आतली आणि चाळीबाहेरची हवा यांतलं बाष्प आम्ही ताडून पाहायला लागलो. बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल तरच पंखा चालू. पावसाळ्यातही दुपारी हवा थोडी तापते आणि त्याने बराच फरक पडतो. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. चाळीतल्या कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. म्हणजे पत्र्याखालची दुपारची हवा आपल्याला हवी तशीच असते. पुढे आमच्या लक्षात आलं की बहुतेक दिवशी साधा टायमर लावून दुपारी पंखा चालवला तरी निम्म्याहून जास्त काम होतं. संशोधन करणाऱ्या माणसाला हे मान्य करणं जड जातं, कारण निबंध नियंत्रण-पद्धतीवर लिहिलेला असतो. पण तुमच्या यंत्रातला कोणता भाग खरं काम करतो आणि कोणता फक्त निबंधापुरता होता, हे एकदा मन घट्ट करून तपासा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. तुम्ही नोकरीत राहून हे करणार की बाहेर पडून? यंत्रणेवरचा हक्क विद्यापीठाचा आहे की तुमचा? मार्गदर्शकांची साथ आहे का? पहिल्या चाळी घरच्या नात्यातल्या मिळतील की अनोळखी माणसाच्या? यांची उत्तरं बदलली की क्रम बदलेल. पण खालच्या गोष्टी कुठल्याही उत्तराला लागू पडतात.

पैशांचा हिशोब वापरणाऱ्याच्या बाजूने करा. २५ टनांची चाळ धरू. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून ३० ते ४० टक्के माल जातो. तुमचं यंत्र नुकसान निम्मं करतं असं धरू नका. ३५ टक्क्यांचं २५ टक्क्यांवर येतं असं धरा. वाचला अडीच टन, म्हणजे २५ क्विंटल. भाव क्विंटलला १,५०० रुपये असेल तर साडेसदतीस हजार. भाव ८०० असेल तर वीस हजार. आणि तो भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीतला कांदा बाहेर काढायच्या दिवसांतच निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. असं वर्ष पाहिलेल्या माणसाला तुम्ही साठ हजारांचं यंत्र 'तीन वर्षांत पैसे वसूल' म्हणून दाखवाल, तर तो मान डोलावेल आणि घरी जाईल. मी नेहमी वाईट वर्षाचा हिशोब करते. वाईट वर्षी एका हंगामात जेवढे वाचतात, त्याच्या आत बसवण्यासकट किंमत आली पाहिजे. विजेचंही गणित त्यातच येतं. एक अश्वशक्तीचा पंखा रोज सहा तास, १०० दिवस म्हणजे साधारण ४५० युनिट. चाळ मीटरपासून लांब असेल तर केबलचा खर्च वेगळा.

तंत्र बरोबर असूनही ठरवलेल्या ठिकाणी रुजत नाही आणि भलत्याच ठिकाणी कामाला येतं, याचं उदाहरण तुमच्या जवळच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा लासलगावचा 'कृषक' विकिरण प्रकल्प २००२ साली सुरू झाला, तो मुख्यतः कांद्यासाठी. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या थोड्या मात्रेने कांद्याला कोंब येत नाहीत, हे शास्त्र पक्कं आहे. पण चाळीत नुकसान होतं ते बरंचसं वजनातल्या घटीने आणि सडीने, आणि त्यावर विकिरणाचा इलाज नाही. शिवाय काढणीनंतर थोड्याच दिवसांत माल केंद्रावर न्यायचा, उतरवायचा, चढवायचा आणि परत आणायचा, तोही कांद्यासारखा स्वस्त माल. हिशोब जुळणं अवघडच होतं. आंब्याची गोष्ट वेगळी झाली. कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने अमेरिकेने आपला आंबा १९८९ पासून बंद ठेवला होता. किरणांची ४०० ग्रेची (ग्रे हे ती मात्रा मोजायचं एकक) मात्रा दिली की ती भीती मिटते. २००७ साली याच केंद्राला अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि हापूस-केसर तिकडे जायला लागला. इमारत तीच, कोबाल्ट तोच. फरक एवढाच की आंब्याच्या निर्यातदाराला याशिवाय दार उघडत नव्हतं आणि एका पेटीमागे मिळणाऱ्या पैशांत हा खर्च सहज बसत होता. तुम्हीही स्वतःला विचारा की तुमच्या पंख्याशिवाय ज्याचं अडतं असा माणूस कोण आहे. कदाचित तो २५ टनवाला शेतकरी नसेल. पाचशे टन साठवणारा व्यापारी असेल, किंवा किती माल परत द्यायचा हे ज्यांच्या करारात आधीच लिहिलेलं असतं अशी एखादी शेतकरी उत्पादक कंपनी असेल. त्यांना सडीचा प्रत्येक टक्का खिशातून भरावा लागतो.

याच्या उलट उदाहरण तासगावच्या बेदाण्याचं. एका लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट घालायचं, त्या द्रावणात द्राक्षं काही मिनिटं बुडवायची आणि शेडमधल्या जाळीवर पसरायची. सालीवरच्या मेणाच्या थरातून पाणी लवकर बाहेर पडतं आणि सावलीतही पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. हे ज्ञान मूळचं भूमध्य समुद्राकाठचं आणि ऑस्ट्रेलियातलं, पण आज तासगावात 'डिपिंग ऑइल' म्हटलं की कोणत्याही दुकानात बाटली मिळते. ते एवढं पसरलं यामागे माझ्या मते मोठं कारण हे की ते एका रॅकवर, एका लिटरमध्ये, स्वतःच्या शेडमध्ये करून बघता येतं आणि पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतं. फसलं तर एक रॅक जाईल. तुमच्या यंत्राची चाचणी मात्र अख्ख्या चाळीवर आणि अख्ख्या वर्षाच्या कमाईवर आहे. ती लहान कशी करता येईल ते बघा. चाळ मधोमध ताडपत्रीने किंवा फळ्यांनी विभागा, अर्ध्या भागाला पंखा लावा, अर्धा तसाच ठेवा.

या अर्ध्या-अर्ध्या चाचणीत मोजमाप कसं करायचं तेही सांगते, कारण इथेच बहुतेकांचे आकडे कच्चे राहतात. चाळ भरताना दहा-दहा किलोच्या जाळीदार पिशव्या भरून, नंबर लावून, ढिगात ठरलेल्या जागी ठेवा. खाली, मध्ये, वर, पंख्याजवळ आणि पंख्यापासून लांब. प्रत्येक पिशवीला नायलॉनची दोरी बांधून टोक बाहेर काढून ठेवा. दर महिन्याला, ढीग फार न हलवता निघतील तेवढ्या पिशव्या काढायच्या, वजन करायचं, सडके आणि कोंब आलेले वेगळे मोजायचे. हे काम तुम्ही करू नका. शेतकऱ्याच्या मुलाला किंवा मुलीला वही द्या. तुम्ही महिन्यातून एकदाच जा. त्याच्या वहीतले आकडे तुमच्या सेन्सरच्या आकड्यांपेक्षा पुढच्या शेतकऱ्याला जास्त खरे वाटतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि नुकसान कोणाचं, हे चाळ भरण्याआधी लिहून घ्या. २००९ मध्ये आम्ही ते लिहिलं नव्हतं. नंतर काही जणांनी पदरमोड करून त्या शेतकऱ्याला थोडे पैसे दिले, पण त्याचं जे गेलं त्याच्या मानाने ते फार कमी होते, आणि ती गोष्ट मला अजून लागते. तेव्हापासून मी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात चाचणीच्या भागातला कांदा एप्रिलच्या भावाने विकत घेण्याची तरतूद धरते. माल प्रकल्पाचा झाला की शेतकरी मोकळेपणाने बोलतो, खोट दाखवतो, पंखा बंद केला होता हेही सांगतो. मेळाव्यातल्या "छान आहे" या उत्तराचं फार मनावर घेऊ नका, ते पाहुण्याला दिलेलं उत्तर असतं. "येत्या एप्रिलात अर्धी चाळ देता का?" असं विचारा. जो दहा शंका काढून मग हो म्हणेल, त्याच्याकडून सुरुवात करा.

पेटंटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन निबंध छापून आलेत म्हणून सांगते. जे छापून गेलं ते आता नवं राहिलेलं नाही, त्यावर पेटंट मिळणं अवघड आहे. चाळीतल्या कामातून जे नवं निघेल, म्हणजे हवेची तुलना करण्याची रीत, पंख्याची रचना, सेन्सरचं आवरण, त्यासाठी तिसरा निबंध पाठवायच्या आधी तात्पुरता अर्ज दाखल करा. पूर्ण अर्जासाठी मग १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशांसाठी थांबायचं कारण नाही. एक ध्यानात ठेवा, आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार शेती करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, म्हणून अर्ज यंत्राचा करा. त्याच वेळी विद्यापीठाकडून लेखी घ्या की कोणाला, किती स्वामित्वशुल्कावर (रॉयल्टीवर) बनवू देणार. कारखानदाराचा पहिला प्रश्न तोच असतो आणि "अजून ठरलं नाही" या उत्तरावर तो फाइल बाजूला ठेवतो. अर्थात अशा यंत्राला पेटंटचं संरक्षण बेताचंच असतं, असं माझं मत आहे. पिंपळगावचा कुठलाही चांगला फॅब्रिकेटर बघून आठवड्यात तसाच पंखा बनवेल. त्याला बनवता येणार नाहीत त्या तुमच्या तीन हंगामांच्या वह्या.

कारखानदाराकडे जाताना निबंध नेऊ नका. ड्रॉइंग, पार्टांची यादी, प्रत्येक पार्ट कुठून मिळतो, आणि दोन आकडे न्या, दहा नग बनवले तर किंमत काय आणि शंभर बनवले तर काय. मी कारखान्यात होते तेव्हा संस्थेतून येणाऱ्या माणसाकडे हमखास एखादा असा पार्ट असायचा जो परदेशातून एकदाच मागवलेला असे. तो बदला. मोबाइल ॲप सध्या काढून टाका. बोर्ड बिघडला तर पंखा हाताने चालवता येईल असा एक साधा स्विच बाहेर द्या. दुरुस्ती कोण करणार हे ठरवा, आणि तो माणूस तालुक्याच्या गावातलाच असू द्या. त्याला एक दिवस बसवून यंत्र उघडायला लावा. तुम्ही गप्प बसा, फक्त बघा. तो जिथे अडेल तिथे तुमचं ड्रॉइंग बदलायचं आहे. आणि पहिले पाच-दहा नग तुमच्या निधीतून रोख विकत घ्या. लहान कारखानदार द्राक्ष-कांद्याच्या हंगामात ऑर्डरींनी भरलेला असतो, 'पुढे मोठा बाजार आहे' या भरवशावर तो मशीन थांबवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

निधी हा त्यामानाने सुटणारा भाग आहे. नमुना यंत्रासाठी केंद्र सरकारच्या 'निधि-प्रयास' योजनेमधून १० लाखांपर्यंत मिळू शकतात, कृषी नवउद्योगांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेतही सोय आहे. अर्ज करताना 'विकास' या शब्दाखाली सगळे पैसे टाकू नका. निम्मे तरी चाळीतल्या चाचण्या, मालाची खरेदी आणि गाडीखर्च यांवर ठेवा.

कांद्याचा साठवणीचा हंगाम वर्षातून एकदा येतो, म्हणून दिवसांचं भान ठेवा. एप्रिलात चाळ भरली जाईल. त्याआधी तीन चाळी ठरलेल्या, मधली विभागणी झालेली, पिशव्या नंबर लावून तयार आणि करार सही झालेले हवेत. नाहीतर थेट पुढचं वर्ष. तुम्ही दोन आकडे इथे लिहिलेत तर मी जास्त नेमकं सांगू शकेन. तुमचा पंखा किती मिलिमीटर पाण्याच्या दाबाला किती हवा देतो, आणि चाचणीत कांद्याचा थर किती फूट उंच होता? चाळीत तो साधारण पाच फूट असतो. तुमचा दोन फुटांचा असेल, तर पंखा बदलावा लागेल आणि खालून भोकं पाडलेला पाइपही टाकावा लागेल. त्याची मापं आमच्याकडे आहेत, मी पाठवते.